मोन्तोनेत किती वाजले?

ताई एस.टी.त एकतीस वर्षं होती. अलिबाग, महाड, माणगाव, पुन्हा अलिबाग अशी आगारं फिरली आणि शेवटची बारा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून फलाटासमोरच्या खिडकीत बसली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुठलीही बस समोर येऊन थांबली की तिची नजर आधी पाटीवर जाते, मग मनगटावरच्या घड्याळावर, आणि सगळ्यात शेवटी चालकावर. ते शेवटचं बघणं चालकाला सोसवेल असं नसतं.

अशा बाईला घेऊन इटलीतल्या एका डोंगरगावात चार दिवस राहा, ही कल्पना माझ्या मुलीची. मुलगी पेरुजाला शिकते. तिची परीक्षा तोंडावर आली होती आणि आई नि मावशी दोघी तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून तिची काळजी घेत होत्या. नापास व्हायला एवढं पुरतं. म्हणून तिनं पेरुजाच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, मोन्तोने नावाच्या गावात आम्हाला खोली बघून दिली.

"छान शांत आहे गं मावशी. तिथे काहीही होत नाही."

"म्हणजे संपातलं आगार," ताई म्हणाली.

बसचं तिकीट बसमध्ये शिरण्याआधी काढून ठेवायचं आणि तेही तंबाखूच्या दुकानात, हे कळल्यावर तिला पहिला धक्का बसला. दुसरा बसला तो गाडीत वाहकच नाही हे पाहून. तिकीट आपणच यंत्रात खुपसायचं, यंत्र त्यावर ठसा उमटवतं, आणि सारा कारभार प्रवाशाच्या सचोटीवर सोडलेला. ताई वाटभर मागे वळून कोणी तिकीट न छापता बसलंय का ते बघत होती. एक शाळकरी पोरगा तसा सापडला. तिची नजर पडल्यावर तो मुकाट उठला आणि तिकीट छापून आला. भाषेची अडचण कुठेही आली नाही.

त्या तंबाखूच्या दुकानाची एक गंमत आहे. अशा जुन्या दुकानांच्या पाट्यांवर अजून 'साली ए ताबाक्की' असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे मीठ आणि तंबाखू. मिठावर सरकारची मक्तेदारी होती, ती १९७०च्या दशकात सुटली; तोवर मीठही तिथेच मिळायचं. आणि याच उंब्रिया प्रांतातल्या पावात मीठ नसतं. चुकून राहिलेलं नाही, घालतच नाहीत. लोक सांगतात की १५४० साली पोप तिसऱ्या पॉलनं मिठाचा भाव वाढवला, पेरुजानं बंड केलं, ते मोडलं, आणि त्या रागानं लोकांनी पावात मीठ घालणं सोडलं. इतिहासकार या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत. मी ठेवते. करावर रुसून जेवणाची चव घालवणारी माणसं मी आमच्या सोसायटीत पाहिली आहेत. ताईला मात्र हे प्रकरण एवढंच दिसलं: "पाव अळणी, आणि मीठ पानटपरीवर. ठरवलं कोणी हे?"

बसनं आम्हाला गावाच्या पायथ्याशी सोडलं आणि ती निघून गेली. वर बघितलं तर गाव.

आपल्याकडे गड आणि गाव या दोन गोष्टी असतात. गडावर किल्लेदार, सदर, दारूकोठार. खाली गाव, शेतं, पाणवठा. गडावर दूध घालायला जाणारी बाई संध्याकाळी दरवाजा बंद व्हायच्या आत खाली यायची, न आल्यास तिच्या नावानं बुरूज व्हायचा. इथे सगळं गावच गडावर चढून बसलंय. चांभार, भटारी, न्हावी, पाद्री, सगळे तटाच्या आत. शेतं तेवढी खाली राहिली. म्हणजे शेतकऱ्यानं रोज सकाळी गड उतरायचा, दिवसभर राबायचं आणि तिन्हीसांजेला थकल्या पायांनी चढायचं. शतकानुशतकं. पुढच्या चार दिवसांत सत्तरी उलटलेल्या आज्यांना भाजीच्या पिशव्या घेऊन त्या उभ्या गल्ल्या न थांबता चढताना बघितलं, आणि आम्ही दोघी 'काय सुंदर कुंडी आहे' असं म्हणत दर दहा पावलांवर का थांबतो हे त्यांना पुरतं कळलंय याची खात्री पटली. समुद्रसपाटीपासून मोन्तोने ४८२ मीटरवर आहे. त्यातले शेवटचे पन्नास मीटर आम्ही कुंड्या बघत काढले.

वर पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता आणि सगळं बंद होतं. किराणा, बेकरी, टपाल. गावात हजार दीड हजाराच्या आसपास वस्ती, पण त्या घटकेला फक्त एक मांजर होतं, तेही झोपलेलं. चौकात एका दारावर वेळेची पाटी होती: सकाळी अमुक ते एक, दुपारी साडेचार ते अमुक. मधले साडेतीन तास कुठे गेले, असं ताईनं मला विचारलं. मी काय सांगणार? पुण्याची एखादी मैत्रीण बरोबर असती तर तिला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

साडेचारला गाव जागं झालं. एकेक खिडकी उघडली, आणि चौकातल्या बाकावर तीन म्हातारे प्रकट झाले. कुठून आले ते दिसलं नाही. पारावरची मंडळी जशी पारातूनच उगवतात तशी. ताईनं त्यांना मुलीनं शिकवलेलं 'बोनजोर्नो' घातलं. तिघांनी एका सुरात 'बोनासेरा' केलं. म्हणजे संध्याकाळचा नमस्कार. ऊन रणरणत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं अडीचला प्रयोग केला; तरी 'बोनासेरा'. इकडे दुपारचं जेवण झालं की संध्याकाळ सुरू होते आणि ती नेमकी किती वाजता, याचं वेळापत्रक कुठेही लावलेलं नाही. कोणाचं जेवण कधी झालं यावर ते अवलंबून. "असं असतं तर माझी एक गाडी सुटली नसती," ताई म्हणाली.

चौकाच्या अलीकडे भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर काळ्या चौकटीचे कागद चिकटवलेले. नाव, वय, कुठल्या चर्चमध्ये प्रार्थना, किती वाजता. काहींवर फोटो. माणूस गेलं की इथे असा कागद लागतो. जाता-येता गावातला प्रत्येक जण थांबून वाचतो, छातीवर क्रॉस काढतो आणि पुढे जातो. आमच्या नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, त्याचाच हा चुलत भाऊ, फक्त खाली शोकाकुल मित्रमंडळाचे पंचवीस फोटो नाहीत आणि गेलेल्या माणसाला गॉगल नाही. ताईनं तो फळा रोज वाचला. चौथ्या दिवशी एक कागद नवा होता, तर ती हळहळली. "एक्याण्णव," म्हणाली. "पण चढली असेल शेवटपर्यंत."

गावाचा मोठा माणूस म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. जन्म १३६८. आडनावाचा अर्थ 'बळकट बाहू', आणि धंदा पैसे घेऊन लढण्याचा. आज या शहराकडून, उद्या त्याच शहराविरुद्ध. अशा भाडोत्री सरदारांना तिकडे कोंदोत्तिएरे म्हणत. १४१६ साली त्यानं थेट पेरुजाच काबीज केलं आणि १४२४ साली लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन तो मेला. मधल्या काळात त्रासिमेनो सरोवराचं पाणी काढून द्यायला त्यानं बोगदा खणवला, हे मला जास्त आवडलं. लुटीचे पैसे पाटबंधाऱ्यात घालणारा सरदार विरळा. त्याच्या मुलाला, कार्लोला, व्हेनिसच्या बाजूनं लढल्याबद्दल १४७३ साली येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा मिळाला अशी श्रद्धा आहे. त्या काट्याच्या नावानं ऑगस्टात जत्रा भरते, आणि गावाच्या तीन आळ्या एकमेकींशी इरेला पडतात. दीड हजाराच्या गावात तीन आळ्या आणि तिघींचं वैर! आम्ही गेलो जुलैत, त्यामुळे वैर अजून तयारीच्या पातळीवर होतं. मोन्तोने म्हणजे मेंढा, हेही सांगून ठेवते. मेंढ्याच्या नावाचं गाव डोंगरावर असावं यात गैर काही नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरलो. खाली म्हणजे टायबरच्या खोऱ्यात. भूगोलाच्या पुस्तकात रोमला भेटणारी टायबर. तिला इकडे तेव्हेरे म्हणतात आणि इथे ती अजून लहान आहे, रोमची तिला कल्पना नसावी. डांबरी रस्ता संपून पांढरा खडीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं, सगळ्यांची तोंडं एकीकडे, शाळेच्या प्रार्थनेसारखी. पलीकडे रुंद पानांचं हिरवंगार पीक. मी 'आळू' म्हणणार होते, तोवर ताई म्हणाली, "तंबाखू. निपाणीला बघितलाय."

तंबाखूच होता. या वरच्या खोऱ्यात तो चारशे वर्षांहून अधिक काळ होतो, आणि तो रुजला त्यामागे सरकारी कागदातली एक चूक आहे. १४४० साली पोपनं सानसेपोल्क्रो हे गाव फ्लॉरेन्सला देऊन टाकलं. करारात हद्द लिहिली 'रिओ' म्हणून, म्हणजे ओढा. आता ओढे होते दोन. एकमेकांपासून अर्धा किलोमीटरवर, आणि दोघांनाही लोक रिओच म्हणायचे. फ्लॉरेन्सनं आपल्याकडचा धरला, पोपनं आपल्याकडचा. मधली चिंचोळी पट्टी कोणाचीच नाही! पट्टीवरच्या कोस्पाया नावाच्या वाडीनं कोणी विचारायला यायच्या आत आपण स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याचं जाहीर केलं आणि ते १८२६ पर्यंत टिकवलं. कर नाही, फौज नाही, तुरुंग नाही. तंबाखूवर आजूबाजूला बंधनं आली तेव्हा यांनी निवांतपणे तंबाखू पिकवला आणि हद्दीपलीकडे पोचवला. शेवटी प्रजासत्ताक मोडलं तेव्हा रहिवाशांच्या हातावर एकेक चांदीचं नाणं ठेवलं, म्हणे.

ही गोष्ट मी ताईला तंबाखूच्या बांधावर बसून सांगितली. ती बराच वेळ हसत होती. मग गंभीर झाली. "तलाठ्याची चूक. आपल्याकडे असती तर अजून तारखा पडत असत्या."

दुपारी रस्त्याकडेच्या एका खानावळीत जेवलो. उंब्रियात एक जाड रोटी करतात. पीठ, पाणी, मीठ (यात घालतात!) आणि चिमूटभर सोडा, निखाऱ्यावर तापवलेल्या जाड, गोल तव्यावर ती भाजायची. तव्याचं नाव तेस्तो, म्हणून पेरुजाकडे तिला 'तोर्ता अल तेस्तो' म्हणतात. या खोऱ्यात नाव 'चाच्चा'. "कोणाचा?" ताईनं विचारलं. रोटी आडवी चिरून आत लसूण घालून परतलेली पालेभाजी भरलेली. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "थापून केलीय. लाटलेली नाही." हे तिच्याकडचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक. बिल आलं तेव्हा त्यात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन युरो लावलेले होते. टेबलाशी बसल्याचे. माझा हात पर्समध्ये अडखळला, पण ताई शांत. "आरक्षण आकार," ती म्हणाली. "द्यावा लागतो."

परतीची बस आम्हाला मिळाली नाही. थांब्यावरच्या कागदात एका वेळेपुढे बारीक चिन्ह होतं आणि त्या चिन्हाचा खुलासा तळाशी होता: फक्त शाळेच्या दिवसांत. जुलैत शाळा बंद. एकतीस वर्षं लोकांना 'पाटी नीट वाचा हो' सांगितलेल्या बाईचं हे असं झालं. मी काही बोलले नाही. त्या वेळी काही न बोलणं हेच बहिणीचं कर्तव्य.

दोन किलोमीटर चाललो. ऊन, किडे किर्र करतायत, वर मोन्तोने टांगलेलं. तेवढ्यात मागून एक ओळखीचा आवाज आला. डोळे मिटून ऐकला असता तर मी जेजुरी नाक्यावर आहे असं वाटलं असतं. वळून पाहिलं, तर तीन चाकी आपे. मागे हौदा, हौद्यात भोपळ्याच्या पेट्या, पुढे एकट्यानं अंग चोरून बसलेला सत्तरीचा शेतकरी.

आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. एकाच कंपनीच्या या दोन माश्या, १९४६ची ती थोरली आणि १९४८ची ही धाकटी. ही धाकटी पुढे आपल्या बारामतीत कारखाना काढून राहिली आणि इतकी आपली झाली की तिचं नाव परदेशी आहे हेच कोणाला ठाऊक नाही. ताईला मात्र ती कधीच आपली वाटली नाही. आपे म्हणजे वडाप. फलाटाबाहेर उभी राहून 'चला दहा रुपये, चला लगेच' ओरडत एस.टी.चे प्रवासी पळवणारी. तिनं या गाडीविरुद्ध पोलिसांना किती अर्ज लिहिले असतील याची गणती नाही.

शेतकऱ्यानं गाडी थांबवली, आमच्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं आणि अंगठ्यानं हौद्याकडे खूण केली.

मी ताईकडे पाहिलं. ताईनं गुडघ्याकडे पाहिलं.

आम्ही भोपळ्यांत बसलो. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर एक पेटी तिच्या मांडीवर यायची, ती परत ढकलायची. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "अलिबागला कळवू नकोस." वर पोचल्यावर तिनं त्याच्यापुढे पाच युरो धरले. त्यानं हात मागे घेतले. तिनं पुन्हा धरले. उभ्या आयुष्यातला तिचा हा पहिला विनातिकीट प्रवास, आणि तो वडापनं.

मग त्यानं विचारलं, "इंदिया?" आम्ही माना डोलावल्या. त्याचा चेहरा बदलला. 'सोल्दाती,' तो म्हणाला, 'सोल्दाती इंदियानी,' आणि हातानं या म्हणाला. मला वाटलं चहाला बोलावतोय. त्यानं आम्हाला एका सूर्यघड्याळापाशी नेऊन उभं केलं.

त्यावरचं नाव वाचायला मला मुलीला फोन करावा लागला नाही. यशवंत घाडगे.

नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ रोजी याच वरच्या टायबर खोऱ्यात त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्याच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला. हातबॉम्ब फेकून गन बंद पाडली, टॉमीगननं एकाला टिपलं, गोळ्या संपल्या. भरायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. देह मिळाला नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. इटलीत तेव्हा पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, आणि तिथल्या मोहिमेतल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा त्यांचे. मोन्तोनेनं हे सूर्यघड्याळ जुलै २०२३ मध्ये उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय त्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

शेतकरी टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मग भोपळे उन्हात आहेत हे आठवून गेला.

ताईनं सवयीनं मनगट वर केलं. सावली तासाभरानं मागे होती. उन्हाळ्यात जवळजवळ सगळं युरोप घड्याळं एक तास पुढे करतं. सूर्याला ते परिपत्रक पोचत नाही. आपल्या मुंबईनंसुद्धा १९५५ पर्यंत स्वतःची वेळ राखली होती, देशाच्या ३९ मिनिटं मागे, हे मी तिला सांगायला लागले, पण तिचं लक्ष नव्हतं.

"हा माणगावचा," ती म्हणाली.

मला ठाऊक नव्हतं.

"माणगाव तालुक्यातला. तहसील कचेरीपाशी पुतळा आहे. मी चार वर्षं होते माणगावला. 'घाडग्यांच्या पुतळ्यापाशी उतरवा' म्हणायचे लोक. चार वर्षांत एकदाही जाऊन पाटी वाचली नाही मी. वेळ नव्हता."

आम्ही तिथे साधारण पाऊण तास बसलो. खाली सूर्यफुलं, तंबाखू, पांढरा रस्ता. त्या दिवशी बहुधा हेच सगळं होतं, एवढं नीटनेटकं नसेल. उतार चढून यायचा, वरून गोळी येतेय, आणि चढणारा सह्याद्रीतला. चढ त्याला नवा नव्हता. घंटा झाली तेव्हा ताईनं घड्याळ बघितलं नाही.

गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात जाताना तुम्ही माणगावला अडकणारच. गाड्यांची रांग हलत नाही, मुलं कुरकुरतात, पुढचा हॉर्न वाजवतो. एकानं गाडीत बसावं, बाकीच्यांनी उतरावं आणि तहसील कचेरी कुठे ते विचारावं. पाटी वाचून परत येईपर्यंत गाडी फार पुढे गेलेली नसेल. ताईचा शब्द आहे.